प्रिंट कशी आहे?

१९८२ या एका सालात गिरणगावाशी नातं सांगणाऱ्या तीन घटना घडल्या. १८ जानेवारीला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं. आणि १ ऑक्टोबरला सोनीने जपानमध्ये सीडीपी-१०१ नावाचा प्लेअर विक्रीला ठेवला. त्यात बारा सेंटिमीटरची चकचकीत तबकडी सरकवली की गाणं वाजायचं. पहिल्या घटनेवर पुस्तकं निघाली, नाटकं आली, सिनेमेही आले. दुसरीची आठवण काढून लोक अजून हळहळतात. तिसरीकडे मात्र कॉटन ग्रीन, काळाचौकी, लालबाग या पट्ट्यात कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. ज्या घरात पगाराचं पाकीट यायचं थांबलं होतं, तिथे जपानी तबकडीचं कौतुक कोण करणार? तिची आणि रंगीत टीव्हीची गाठ इथल्या दहा बाय बाराच्या खोलीत पडायला आणखी पंधरा-सोळा वर्षं जावी लागली.

त्यानंतर मात्र या वस्तीने घरी सिनेमा बघायच्या तबकड्यांची जी परीक्षा घेतली, तशी कुठल्या प्रयोगशाळेने घेतली नसेल. परीक्षेचा पेपर एका ओळीचा होता. व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर कोपर टेकवून विचारायचं, "प्रिंट कशी आहे?" उत्तरही एका ओळीचं, "एक नंबर." घरी जाऊन नायिकेच्या जागी पडद्यावर चौकोन नाचले, तरी दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर, त्याच कोपराने, तोच प्रश्न. हा प्रश्न चौकशीचा नव्हताच. तो रिवाज होता.

कुलाब्यातला कापसाचा बाजार १९२०च्या दशकात इकडे कॉटन ग्रीनला हलला. बाजाराबरोबर गाठींची गोदामं आली, गोदामांबरोबर हमाल, गाडीवाले, बंदरावरचे कामगार आले, आणि माणसांबरोबर सिनेमाचं वेड आलंच. लालबागचं भारतमाता, जयहिंद ही थिएटरं चालत जाण्याच्या अंतरावर. मग घरी पिक्चर बघायची हौस कशाला? कारण साधं होतं. थिएटरात माणशी तिकीट लागतं. घरात सहा जण, आलेला पाहुणा सातवा, आणि दारात उभी राहून "मी काही बघत नाही हं, सहज उभी आहे" म्हणत अख्खा पिक्चर बघणारी शेजारीण आठवी. तबकडीला मात्र भाडं एकाचंच.

तबकडीच्या आधी कॅसेट होती. १९६२ मध्ये पुस्तकं भाड्याने देणारी लायब्ररी म्हणून मुंबईत सुरू झालेली शेमारू १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देऊ लागली, आणि बघता बघता गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या उघडल्या. चाळीत कॅसेट एकटी येत नसे. सत्यनारायणाच्या पूजेला किंवा गणपतीच्या जागरणाला वर्गणी काढून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असा सगळा लवाजमा एका रात्रीपुरता यायचा. पैसे वसूल झालेच पाहिजेत, म्हणून तिन्ही पिक्चर लागोपाठ. पहिल्याला गॅलरी भरलेली, दुसऱ्याला निम्मी, आणि तिसरा संपायचा तेव्हा जागा असलेला माणूस एकच: मशीन परत न्यायला बसलेला व्हीसीआरवाल्याचा पोऱ्या. पावसाळ्यात फितीला बुरशी धरायची, ती मशीनच्या हेडला चिकटायची, आणि हेड साफ कसं करायचं यावरून मजल्यावर दोन पक्ष पडायचे. एक स्पिरिटवाला, दुसरा कोऱ्या नोटेवाला. दमट हवेच्या आशियात पुढे तबकडीने कॅसेटला हरवलं, त्यात या बुरशीचा वाटा मोठा आहे.

सिनेमाची पहिली तबकडी म्हणजे लेसरडिस्क. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत अटलांटा शहरात ती ‘जॉज’ हा सिनेमा घेऊन विक्रीला आली. आकार ग्रामोफोनच्या एलपीएवढा, तीस सेंटिमीटर. एका बाजूला जास्तीत जास्त ६० मिनिटं. म्हणजे ‘शोले’ बघायचा तर दोन तबकड्या, चार बाजू आणि मध्ये तीन वेळा उठणं. चित्र कॅसेटपेक्षा कितीतरी सरस होतं. पण एकदा पाट टाकून बसलेल्या माणसाला तीनदा उठवेल, असं यंत्र या वस्तीत टिकलं नसतं. ते आलंच नाही, हे बरं झालं.

आली ती व्हीसीडी. १९९३ मध्ये सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आणि जेव्हीसी या चार कंपन्यांनी मिळून तिचे नियम ठरवले. गाण्यांच्या सीडीचीच ती बारा सेंटिमीटरची तबकडी, तिच्यात चित्र दाबून दाबून बसवलेलं. पडद्यावर आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके, वेळ ७४ मिनिटं. त्याच वर्षी चीनच्या आन्हुई प्रांतातल्या वानयान या कंपनीने व्हीसीडी प्लेअर बाजारात आणला आणि त्यामागून चिनी प्लेअरची रांग लागली. अमेरिकेने व्हीसीडीला दारात उभं केलं नाही, युरोपने नाक मुरडलं. आशियाने तिला घरात घेतलं.

मुंबईत हे प्लेअर मनीष मार्केटात, लॅमिंग्टन रोडवर मिळू लागले. नाव नसलेले, किंवा एका अक्षराच्या फरकाने जपानी वाटेल असं नाव असलेले. पुढच्या बाजूला माइकसाठी दोन भोकं आणि आवाज घुमवायचं एक बटण, कारण चीनमध्ये लोक त्यावर कॅराओके गात. कॉटन ग्रीनमध्ये त्याच भोकात माइक खुपसून बारशाला अंताक्षरी झाली, हळदीकुंकवाला उखाणे झाले आणि मंडळाच्या वर्गणीची शेवटची तारीखही जाहीर झाली.

आता ७४ मिनिटांचा हिशेब बघा. ‘शोले’ २०४ मिनिटांचा. म्हणजे तीन तबकड्या. ‘लगान’ २२४ मिनिटांचा, आणि ७४ च्या तीन तबकड्यांत बसतात २२२ मिनिटं. त्या दोन मिनिटांना तारणारी एक गंमत आहे. थिएटरात सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या वेगाने चालतो, पण आपल्या टीव्हीची पॅल पद्धत सेकंदाला २५ चित्रं दाखवते. पॅल तबकडीवर सिनेमा चढवताना सर्रास तेवढा वेग वाढवला जाई. त्या हिशेबाने ‘शोले’ आठ मिनिटं लवकर संपतो, ‘लगान’ २१५ मिनिटांत आटोपतो, आणि वेगाबरोबर आवाजाची पट्टी चढते ती वेगळीच. गब्बरसिंगचा आवाज किंचित बारीक झाला म्हणून लायब्ररीत भांडायला कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.

मध्यंतर कुठे घ्यायचं हा दिग्दर्शकाचा अधिकार. व्हीसीडीने तो काढून घेतला. नायक कड्यावरून लोंबकळतोय, खलनायक त्याच्या बोटांवर बूट ठेवतोय, आणि पडदा निळा. डिस्क संपली. आता दुसरी शोधा. डबीत एक आणि तीन नंबर असायचे. दोन नंबरच्या जागी भलत्याच पिक्चरची दोन नंबर. ती परत करायला गेलं की लायब्ररीवाला शांतपणे सांगायचा, "अहो, ती तिसऱ्या मजल्यावर गेलीय. येईल. तोवर तीन बघून घ्या."

पण याच दोषातून चाळीने जो फायदा काढला, तो त्या चार कंपन्यांच्या स्वप्नातही आला नसेल. पिक्चर तीन तुकड्यांत असेल, तर तो एकाच वेळी तीन घरांत बघता येतो. पहिल्या खोलीत एक नंबर संपली की ती पुढच्या खोलीत, पुढच्या खोलीतली तिच्यापुढच्या खोलीत. भाडं तिघांत वाटून. मध्ये गॅलरीत टपाल वाहणारी पोरं.

"काकी, आईने विचारलंय, दोन नंबर झाली का? आमची एक संपली."

"दहा मिनिटं थांब म्हणावं. आत्ता कुठे तो हॉस्पिटलात गेलाय."

"कोण गेलाय?"

इथे खोलीतून ओरडा व्हायचा, "सांगू नका हो काकी!" पहिल्या खोलीतल्या लोकांना शेवट सर्वांत आधी माहीत असायचा. त्या एका रात्रीपुरता त्यांचा तोरा काही और होता. पुढे डीव्हीडी आली, अख्खा पिक्चर एका तबकडीत मावला, आणि ही सहकारी पद्धत बुडाली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात याची नोंद प्रगती म्हणून आहे.

व्हीसीडी घासली गेली की चौकोन का दिसतात, यालाही कारण आहे. सीडीवर माहितीबरोबर चूक दुरुस्त करायची सोयही कोरलेली असते. साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा ती निमूटपणे भरून काढते. संगणकाच्या सीडीवर या दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. व्हीसीडीत चित्राला जागा हवी म्हणून तो थर काढून टाकला. चूक झाली तर झाली, पिक्चर पुढे जाऊ द्या, असं धोरण. त्यामुळे पिक्चर पुढे जायचा, पण चौकोन घेऊन. मग उपाय सुरू व्हायचे. बनियनला पुसणं हा पहिला, तोंडाची वाफ देऊन बनियनला पुसणं हा दुसरा, टूथपेस्ट चोळून धुणं हा तिसरा. सगळेजण गोल गोल पुसायचे. खरं तर मधून बाहेर सरळ पुसायला हवं, कारण माहिती गोल ओळीतच कोरलेली असते आणि गोल पुसताना एखादा कण सापडला तर तो एकाच ओळीचा लांबवर सत्यानाश करतो.

दुसरा गैरसमज बाजूचा. लोक चकचकीत बाजूला जिवापाड जपायचे आणि छापील बाजू खाली घालून टीव्हीवर ठेवायचे. प्रत्यक्षात सीडीची माहिती छापील बाजूच्या लगेच खाली, वार्निशाच्या पातळ थराआड असते. चकचकीत बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिकचं संरक्षण आहे. नाजूक आहे ती नावाची बाजू, जिच्यावर लायब्ररीवाला बॉलपेन दाबून नंबर घालायचा.

आणि हे सगळं करूनही डिस्क चालली नाही, तर दुरुस्तीवाल्याचं निदान एकच: "लेन्स गेलीय." प्लेअर पडलेला असो, भिजलेला असो, आत झुरळाने संसार मांडलेला असो, जायची ती लेन्सच. महागडे नामवंत प्लेअर तर सोवळ्यातले. जरा ओरखडा दिसला की तबकडी बाहेर. बिननावाचा चिनी प्लेअर मात्र समोर येईल ते वाजवायचा. या वस्तीत इज्जत त्याला होती.

डीव्हीडी जपानमध्ये आली नोव्हेंबर १९९६ मध्ये. मुंबईकराला ती समजावून सांगायला पुनर्विकासाचा दाखला पुरेसा आहे. प्लॉट तोच, बारा सेंटिमीटरचा. फक्त चटई क्षेत्र वाढवून घेतलं. सीडीत दोन ओळींमध्ये १.६ मायक्रॉनची गॅलरी सोडलेली असते, डीव्हीडीने ती ०.७४ वर आणली. वाचणारा लेसरही बारीक केला, ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण जाऊन ६५० चा लाल आला. त्यामुळे जिथे ७०० एमबी राहत होते तिथे ४.७ जीबी राहू लागले. तेवढ्याने भागेना, तेव्हा वर पोटमाळा काढला. त्याला दुहेरी थर म्हणतात, मग ८.५ जीबी. पिक्चरच्या मध्यावर चित्र क्षणभर थबकतं, तो लेसर पोटमाळ्याची शिडी चढत असतो. पुढे ब्लू-रेने ओळींतलं अंतर ०.३२ वर आणून ४०५ नॅनोमीटरचा जांभळट लेसर लावला आणि त्याच प्लॉटवर २५ जीबीचा टॉवर उभा केला, पोटमाळ्यासह ५०.

डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे व्हीसीडीच्या चौपट ठिपके. शिवाय आठ भाषांतला आवाज, बत्तीस सबटायटल आणि एकच प्रसंग नऊ कोनांतून दाखवायची सोय. रिमोटवर ‘अँगल’ असं बटणच असायचं. ते घराघरातल्या पोरांनी दाबून पाहिलं आणि काही झालं नाही. नऊ कोनांतून चित्रित करून तबकडीवर टाकलेला सिनेमा इथल्या कुठल्या लायब्ररीत येणार होता?

डीव्हीडीची खरी खोड म्हणजे प्रदेशाचा आकडा. हॉलिवूडने जगाचे तुकडे करून प्रत्येकाला नंबर दिला. अमेरिका १, भारत ५. पाचात आपल्यासोबत पाकिस्तान, रशिया आणि बराचसा आफ्रिका खंड. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेला भाचा कौतुकाने तीन डीव्हीड्या घेऊन यायचा, आणि त्या मामाच्या नामवंत प्लेअरला चालायच्या नाहीत. मामा हिरमुसायचा, भाचा ओशाळायचा, आणि शेजारचा बिननावाचा चिनी प्लेअर त्याच तीन डीव्हीड्या मुकाट्याने वाजवून दाखवायचा. त्याला भूगोल माहीत नव्हता.

अस्सल डीव्हीडी घेणाऱ्याला आणखी एक शिक्षा होती. सुरुवातीला चोरीच्या प्रती बघू नका अशी तंबी, मग जाहिराती, मग पुन्हा तंबी. पुढे ढकलायला बटण दाबलं की पडद्यावर नकाराची खूण. चोरीची प्रत आणणाऱ्याला थेट पिक्चर. पैसे मोजून उपदेश ऐकायचा, की कमी पैसे मोजून सिनेमा बघायचा, याचा निर्णय लोकांनी फार वेळ न घेता केला.

चोरांनीही ४.७ जीबीचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. हॉलिवूड म्हणत होतं, जागा वाढली, चित्र सुधारा. फुटपाथवाला म्हणाला, जागा वाढली, पिक्चर वाढवा. एका डीव्हीडीत सहा-सहा सिनेमे, चित्र व्हीसीडीच्याच पायरीचं. दादा कोंडक्यांच्या ओळीने नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनेसमध्ये झाली. रौप्यमहोत्सव म्हणजे एका थिएटरात पंचवीस आठवडे. वर्षानुवर्षं थिएटरं अडवणारे ते सिनेमे आता पन्नास रुपयांच्या आत, एका पिशवीत, स्टेशनच्या पुलावर. नवा पिक्चर असेल तर थिएटरात लपून काढलेली प्रत. तिच्यात समोरच्या रांगेतला माणूस उठून बाहेर जायचा आणि परत यायचा. विनोदाला हसणारे प्रेक्षक फुकट. घरी एकट्याने बघणाऱ्याला सोबत होत असे.

सरकारने हे मनावर घेतलं. महाराष्ट्रात १९८१ चा एक कायदा आहे, ज्याखाली धोकादायक माणसाला स्थानबद्ध करता येतं. त्याच्या लांबलचक नावात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधिद्रव्यांचे गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती असे मानकरी आधीपासून होते. पुढे दुरुस्ती करून त्याच पंक्तीत व्हिडिओ पायरेट्सना पाट मांडला. स्टेशनच्या पुलावर प्लॅस्टिकच्या कागदावर डीव्हीड्या पसरून बसलेल्या पोराला आपण हातभट्टीवाल्यांच्या ओळीत गेलो, याची कल्पना असेलच असं नाही.

चोरांना खरा घाम फोडला तो पोलिसांनी नव्हे, भावाने. १९८३ मध्ये स्थापन झालेली दिल्लीची मोझर बेअर ही कंपनी कोऱ्या तबकड्या बनवण्यात जगातल्या मोठ्या कारखानदारांत जाऊन बसली होती. २००७ च्या सुमारास तिने सिनेमांचे हक्क घेऊन अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. तोवर अस्सल डीव्हीडीला शेकड्यांत पैसे पडत. आता किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात गल्ल्याशेजारी डीव्हीडीचे स्टँड उभे राहिले. दोन्हींतला फरक सहा रुपये, म्हणजे तेव्हाचा जेमतेम एक वडापाव. एका वडापावात चौपट ठिपके मिळतात म्हटल्यावर व्हीसीडीचा निकाल लागला.

नेमक्या याच वर्षांत जगात मोठं युद्ध चालू होतं. एका बाजूला सोनीची ब्लू-रे, दुसऱ्या बाजूला तोशिबाची एचडी डीव्हीडी. २००६ च्या जूनमध्ये अमेरिकेत सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर आला तो हजार डॉलरना, तेव्हाच्या भावाने पंचेचाळीस हजारांच्या आसपास. तेवढ्यात ३४ रुपयांच्या तेराशे डीव्हीड्या येतात. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या सिनेमा कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने शस्त्रं खाली ठेवली. कॉटन ग्रीनला यातलं काहीही कळलं नाही. ज्यांनी हरणाऱ्या बाजूचा प्लेअर घेतला होता ते सगळे परदेशात होते.

परदेशी डोकी याहूनही पुढे गेली होती. २००३ मध्ये डिस्नेने अमेरिकेतल्या काही शहरांत एक डीव्हीडी विकून पाहिली. पाकीट फोडलं की हवेतल्या ऑक्सिजनने तबकडीतलं रसायन काळं पडायचं आणि ४८ तासांनी लेसरला काही दिसेनासं व्हायचं. बघा आणि फेकून द्या. अमेरिकन माणसाला ती पटली नाही आणि योजना फसली. कॉटन ग्रीनमध्ये ती आणली असती तर ४८ तासांत तिने चारही मजले पालथे घातले असते आणि उरलेल्या वेळात शेजारच्या चाळीतही जाऊन आली असती.

मग ब्लू-रे चांगली की नाही? कागदावर प्रश्नच नाही. १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांवर ठिपके. डीव्हीडीचे चार लाख, व्हीसीडीचे एक लाख. पण ठिपके डोळ्याला दिसायला हवेत. चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक ओळखते, असं नेत्रतज्ज्ञ धरून चालतात. त्या हिशेबाने ३२ इंची टीव्हीवर ब्लू-रेचे सगळे ठिपके वसूल करायचे तर सुमारे चार फुटांवर बसायला हवं. आठ फुटांच्या मागे गेलं की डीव्हीडी आणि ब्लू-रे सारखीच. साडेपंधरा फुटांच्या मागे व्हीसीडीही त्यांच्या बरोबरीला येते.

हा हिशेब दहा बाय बाराच्या खोलीत मांडून बघा. टीव्हीसमोर फरशीवर नाक लावून बसलेली पोरं, चार फूट: त्यांना ब्लू-रे. मागच्या भिंतीला लागून कॉटवर आजोबा, नऊ-दहा फूट: त्यांना डीव्हीडी. आणि गॅलरीत उभं राहून खिडकीच्या गजांतून डोकावणारी शेजारीण, पंधरा-सोळा फूट: तिला व्हीसीडी. एका तबकडीत तिन्ही फॉरमॅट चालवणारी खोली जपानलाही बांधता आली नाही. यातल्या सर्वांत महागड्या चित्राचा लाभ नेमका ज्यांना अभ्यास करायचा आहे त्यांना मिळत होता, एवढीच तक्रार.

शेवटी तबकडीला हरवलं ते दुसऱ्या तबकडीने नाही. डीव्हीडी प्लेअरच्याच पुढच्या बाजूला, जिथे पूर्वी माइकची भोकं होती तिथे, पेन ड्राइव्ह लावायची फट आली आणि घरचा भेदी घरातच बसला. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. २०१६ हे तर घातवर्षच. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, फेब्रुवारी संपताना काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे तबकड्यांचं दुकान बंद झालं, सप्टेंबरात जिओ सुरू झालं. २०१८ मध्ये मोझर बेअर अवसायनात निघाली. २०२३ च्या सप्टेंबरात खुद्द नेटफ्लिक्सने अमेरिकेत टपालाने डीव्हीडी पाठवायचा आपला मूळ धंदा बंद केला.

तबकड्या मात्र गेल्या नाहीत. त्या खिडकीत दोऱ्याला लटकल्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. द्राक्षांच्या बागेत पाखरं हाकायला गेल्या. गणपतीच्या मखरात चकाकल्या. २०२० च्या ऑक्टोबरात एकनाथ खडसे राष्ट्रवादीत गेले, तेव्हा आपल्यामागे ईडी लावली तर आपण सीडी लावू, असं म्हणाले. महाराष्ट्र ती सीडी बघायला उत्सुक झाला, पण ती लावायला चालू स्थितीतला प्लेअर किती घरांत उरला होता, हा प्रश्न कोणत्याही वाहिनीने विचारला नाही.

निकाल द्यायचा तर असा. चित्रासाठी आजही ब्लू-रे. नेटफ्लिक्स त्याच १०८० ओळींच्या चित्राला सेकंदाला ५ मेगाबिटचा वेग पुरे म्हणतं, ब्लू-रेला ४० पर्यंत मुभा आहे. काळोखाच्या प्रसंगात हा फरक दिसतो. शिवाय करार संपला म्हणून कपाटातली तबकडी एका रात्रीत नाहीशी होत नाही. पैशाच्या मोबदल्यात डीव्हीडी. आणि माणसं जमवण्यात व्हीसीडी, तिला अजून तोड नाही.

राहता राहिली घराघरातली ती एकच तबकडी, जी कुठल्याही ॲपवर मिळणार नाही: लग्नाची सीडी. एक नंबर हळद, दोन नंबर लग्न, तीन नंबर रिसेप्शन. कमळाच्या पाकळ्यांतून उगवणारी नवरी, बदामात फिरणारा नवरदेव आणि मागे न पाहिलेलं स्वित्झर्लंड. ही सीडी कारखान्यात छापलेली नसते, घरी जाळलेली असते. तिच्यातला सेंद्रिय रंग ऊन आणि दमट हवेने विटतो, वर चिकटवलेलं लेबल आणि बॉलपेनही तिचं आयुष्य खातं. वीस वर्षं झाली असतील तर आणखी वाट बघू नका. नव्या लॅपटॉपला सीडीची फट नसते, पण यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवर मिळतो. व्हीसीडी उघडली की आत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर असतं, त्यातली ‘डॅट’ फाइल सरळ कॉपी करा, व्हीएलसीवर ती चालते. डीव्हीडी असेल तर ‘व्हिडिओ_टीएस’ हे अख्खं फोल्डर घ्या. दोन ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत बहिणीकडे द्या. दोन नंबरची डिस्क डबीत सापडली नाही, तर आधी तिच्याकडेच विचारा.